रुग्णालयाच्या वॉर्डातून कारखान्याच्या आरोग्य केंद्रात जाताना मुलाखतीची तयारी कशी करावी?

प्रश्न : परिचारिका, फोंडा

मी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी हा परिचर्येचा अभ्यासक्रम केलेली) असून एका खाजगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात काम करते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या आरोग्य केंद्रातील जागेसाठी मला मुलाखतीला बोलावले आहे. आजवर आजारी माणसांची शुश्रूषा केली, तिथे मात्र धडधाकट कामगारांची काळजी घ्यायची आहे, त्यामुळे वॉर्डातला अनुभव कसा मांडावा हे उमगत नाही. ‘रुग्णालय का सोडता?’ असे विचारल्यास रात्रपाळी झेपत नाही, हे खरे कारण सांगावे का?

उत्तर : निवृत्त सुरक्षा अधिकारी, वास्को

अशा मुलाखती मी घेतल्या आहेत. रुग्णालयातून येणाऱ्या भगिनी बहुधा कोणकोणती यंत्रे हाताळली ते सांगतात, पण डॉक्टर जवळ नसताना त्या काय करतील हे आम्हाला जाणून घ्यायचे असते, कारण आमच्याकडे डॉक्टर ठरावीक वेळीच येत आणि एरवी केंद्र परिचारिकेच्याच भरवशावर चाले. समजा, तुम्हाला विचारले की कामगाराच्या डोळ्यात रसायन उडाले तर पहिली कृती कोणती? ‘डॉक्टरांना फोन करीन’ हे वॉर्डाच्या शिस्तीतून आलेले उत्तर इथे अपुरे पडते. पापण्या उघड्या धरून डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान 15 मिनिटे धुवायचा, धुणे न थांबवता दुसऱ्या कोणाला तरी फोन करायला सांगायचे आणि रुग्णालयात पाठवताना त्या रसायनाचे सुरक्षितता माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, सोबत द्यायचे. या पत्रकाचे 16 विभाग असतात. प्रथमोपचार चौथ्या विभागात आणि हातमोजे, गॉगल वगैरे आठव्या विभागात सापडतात. मिथेनॉलचे एखादे पत्रक मिळवून शांतपणे वाचून जा.

रात्रपाळीचे खरे कारण जरूर सांगा, मात्र पुष्कळ कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात, तेव्हा तुमची पाळी कोणती असेल हे आधीच विचारून घ्या.

उत्तर : कारखान्यातील परिचारिका, मडगाव

ताई, मीसुद्धा वॉर्डातूनच इकडे आले. वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली, ती गोपनीयतेची. ‘अमुक कामगार सारखा रजेवर असतो, त्याला झाले आहे तरी काय?’ असे विभागप्रमुखाने विचारले तर काय सांगाल, हा प्रश्न मला मुलाखतीत आला होता. तो कामगार कामासाठी तंदुरुस्त आहे का, त्याला उंचीवरचे काम द्यावे का, एवढेच विभागप्रमुखाला कळवायचे. आजाराचे नाव कामगाराच्या संमतीशिवाय सांगायचे नाही, असे मी स्पष्ट म्हटले आणि आजही तसेच वागते. वार्षिक तपासणीतील श्रवणचाचणी आणि फुफ्फुसांची स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी, यांचीही उजळणी करा. कोकणीबरोबर हिंदी आणि थोडीफार कानडी येत असेल तर तेही सांगा, कारण कामगार अनेक प्रांतांतले असतात.

परिचारिका, फोंडा

देव बरे करो. एका रात्री मधुमेहाचा रुग्ण घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला, तेव्हा डॉक्टर येण्यापूर्वीच मी साखर तपासून वॉर्डाच्या नियमाप्रमाणे उपचार सुरू केले होते. हा प्रसंग सांगितला तर चालेल का?

निवृत्त सुरक्षा अधिकारी, वास्को

अवश्य सांगा, फक्त रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असे काहीही येऊ देऊ नका. कोणते लक्षण आधी दिसले, साखर किती भरली, काय दिले, डॉक्टरांना केव्हा कळवले आणि साखर पुन्हा केव्हा तपासली, हे सारे क्रमाने सांगा. त्यावर ‘हेच रात्री दोन वाजता यंत्राशेजारी घडले तर?’ असा प्रश्न येण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून यंत्र कोणाला बंद करायला सांगाल आणि रुग्णाला तिथून कसे हलवाल, याचाही विचार करून ठेवा.