मदत हवी आहे: 'सुप्लेंते'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

८ मार्चला आमच्या वाचनालयाच्या महिला मंडळात मला दहा मिनिटं बोलायचंय. विषय मीच हौसेनं घेतला, ब्राझीलच्या बेर्ता लुत्स, आणि आता एका शब्दावर गाडी अडलीय.

थोडी पार्श्वभूमी. बेर्ताबाई (जन्म १८९४, साओ पावलो) मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ. पॅरिसला शिकून आल्या, रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात नोकरीला लागल्या आणि आयुष्यभर बेडकांचा अभ्यास केला. १९२२ मध्ये त्यांनी बायकांच्या मताधिकारासाठी संघटना काढली, १९३२ मध्ये तो हक्क मिळाला. मधेच कायद्याची पदवीही घेतली. (बेडकांवर खरं तर वेगळा धागा निघेल, मोह आवरते.)

अडचण पुढेच आहे. १९३४ च्या निवडणुकीत त्यांना थेट जागा मिळाली नाही, त्या 'सुप्लेंते' ठरल्या. तिथे एखादी जागा रिकामी झाली की आपल्यासारखी पोटनिवडणूक होत नाही, त्याच निकालातला पुढच्या क्रमांकाचा उमेदवार आत येतो. खासदार कांदिदो पेसोआ वारले आणि जुलै १९३६ मध्ये त्यांच्या जागी बेर्ताबाई आल्या.

पहिल्या खर्ड्यात मी सरळ 'निवडून आल्या' लिहिलं होतं. मंडळातल्या निवृत्त बाईंनी तिथेच पकडलं. मग 'राखीव सदस्य' केलं, तर ऐकणाऱ्यांना वाटणार महिला आरक्षणाची जागा. 'स्वीकृत' म्हटलं की महानगरपालिका आठवते, 'नियुक्त' म्हटलं की राज्यपाल. 'बदली खासदार' तर ऐकवतच नाही. 'प्रतीक्षा यादीतल्या' अर्थानं जवळचं, पण भाषणात रेल्वेचं तिकीट काढल्यासारखं वाटतं.

शब्दाचा एवढा कीस काढण्याचं कारण असं की त्यांची संसदेतली कारकीर्दच जेमतेम सोळा महिन्यांची. तेवढ्यात त्यांनी स्त्रियांच्या कायद्यासाठीच्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. नोव्हेंबर १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष वार्गास यांनी हुकूमशाही आणून संसदच बंद केली. म्हणजे ज्या वाटेनं त्या आत आल्या ती वाट नीट सांगितली नाही, तर गोष्टच लंगडी पडते.

दुसरा छोटा प्रश्न. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत स्त्री-पुरुष समानता स्पष्ट शब्दांत यावी म्हणून त्या झगडल्या, तेही अमेरिकेच्या महिला प्रतिनिधीचा विरोध असताना. पुढे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं ते आपल्या हंसा मेहतांमुळे. त्याही मुंबई विधान परिषदेत होत्या. दोघींना एकाच भाषणात घेतलं तर दहा मिनिटांत कोंबल्यासारखं होईल का?

राज्यशास्त्रवाले किंवा पोर्तुगीज येणारं कुणी असेल तर कृपया सुचवा. रविवारपर्यंत मजकूर द्यायचाय.

संपादन: 'पुढच्या क्रमांकाच्या उमेदवार म्हणून आत आल्या' असं सुचवणाऱ्यांचे आभार. लांब आहे, पण तूर्त तेच ठेवतेय. एका शब्दात बसणारं काही असेल तर अजूनही हवंय.