मदत हवी आहे: फ्लायव्हील डगमगतंय, चावी ठोकू की बुश बसवू?

मंडळी, एक इंची स्केलचं (मूळच्या एका फुटाला एक इंच) वाफेचं ट्रॅक्शन इंजिन, म्हणजे रस्त्यावर ओढकाम करणाऱ्या जुन्या इंजिनाचं मॉडेल करतोय. बॉयलर झाला, सिलिंडर झाला, आणि आता गाडी अडलीय फ्लायव्हीलवर (शाफ्टवरचं जड चाक). बिडाचं आहे, व्यास ११५ मिमी, हबची (मधल्या जाड भागाची) लांबी २० मिमी, शाफ्ट १० मिमीचा.

चूक माझीच. बोअर (शाफ्टसाठीचं भोक) करताना शेवटचा कट घाईत घेतला, ०.०५ मिमी ढिला झाला. दिसायला काहीच नाही, पण ग्रब स्क्रू (हबमधून शाफ्टवर दाबणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की चाक एका अंगाला कलतं. कडेवर डायल गेज लावला तर काटा ०.३ मिमी फिरतो. कॉम्प्रेस्ड एअरवर चालवलं तेव्हा चाक अक्षरशः लंगडत होतं. शिवाय दहा मिनिटांत स्क्रू सैल, आणि शाफ्टवर ओरखडा पडलाय तो वेगळाच.

मूळ इंजिनांवर १०० ला १ उताराची, डोकं असलेली चावी (चाक शाफ्टवर घट्ट धरणारी पाचर) ठोकलेली असते. दिसायला तीच हवी. पण ढिल्या बोअरमध्ये चावी ठोकली तर तीही चाक एका बाजूलाच ढकलणार ना? लॉकटाइटने (धातू चिकटवणाऱ्या गोंदाने) चिकटवायचं मनात आलं होतं. पण बेअरिंगसाठी क्रँकशाफ्ट काढायचा तर चाक आधी उतरायला हवं, आणि दरवेळी गोंद सोडवायला ब्लोटॉर्चने तापवून रंग जाळणं परवडणार नाही.

मग बोअर मोठा करून चिरलेला टेपर बुश (बाहेरून निमुळती, आत दाबली की शाफ्टला आवळणारी नळी) बसवावा का? एवढ्या छोट्या हबमध्ये टेपर किती अंशांचा ठेवता? आणि बुश असताना चावी नुसती शोभेला ठेवली तर चालेल का? कुणी केलं असेल तर फोटो टाका, प्लीज.