टाय की डॉट? ४/४ मधला तिसरा बीट कागदावर दिसलाच पाहिजे

लयवेडा

स्टाफ नोटेशन (पाच रेघांच्या स्टाफवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) लिहिणाऱ्या सगळ्यांशी मला एका मुद्द्यावर मनापासून वाद घालायचा आहे. ४/४ मध्ये, म्हणजे दर बारला (लयीच्या एका खणात) चार बीट असताना, ऑफबीटवर (दोन बीटांच्या मधे) सुरू होऊन तिसरा बीट ओलांडणारा स्वर डॉट (लांबी दीडपट करणारा ठिपका) लावून लिहू नये. तिथे टायच हवा, म्हणजे दोन चिन्हांचा एकच सलग स्वर करणारी कमान.

सगळ्यांच्या ओळखीचा ३+३+२ घ्या. बारमध्ये आठ क्वेव्हर, म्हणजे अर्ध्या बीटचे स्वर. पहिला स्वर तीन क्वेव्हरचा, दुसरा तीनचा, शेवटचा दोनचा. सर्रास लिहिलं जातं ते असं: डॉटेड क्रॉचेट, डॉटेड क्रॉचेट, क्रॉचेट (क्रॉचेट म्हणजे दोन क्वेव्हर, एक बीट). हिशेबात चूक नाही. पण तोंडाने मोजून बघा, 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि'. दुसरा स्वर दोनच्या 'आणि'वर सुरू होतो आणि 'तीन' त्याच्या पोटात जातो. कागदावर एक आणि चार एवढेच बीट उरले. मधे कुठे वाचणारा घसरला तर पुन्हा पाय टेकायला जागा नाही. तोच स्वर क्वेव्हर आणि त्याला टाय केलेला क्रॉचेट असा लिहा. क्रॉचेटचं डोकं (चिन्हाचा गोल भाग) नेमकं तीनवर येतं. ते वाजत नाही, पण दिसतं.

सगळीकडे टाय घाला असं मी म्हणत नाही. पहिल्या किंवा तिसऱ्या बीटवर सुरू होणारा डॉटेड क्रॉचेट आणि मागे क्वेव्हर, हे सुरेख वाचता येतं. मधली शिवण तेवढी झाकू नका.

दोन_पेडल

अजिबात पटलं नाही. क्रॉचेट, मिनिम (दोन बीटांचा स्वर), क्रॉचेट असा बार तुम्हीही लिहिता ना? ती मिनिम तिसऱ्या बीटवरूनच जाते. तिचे तुकडे करून टाय लावायला कोणी सांगत नाही, कारण ती आकृती डोळ्यात बसलेली आहे. ३+३+२ सुद्धा तशीच बसलेली आहे. दोन डॉट आणि एक साधा, एका नजरेत कळतं. टाय लावला की तीन आघातांच्या जागी चार डोकी दिसतात.

आणि पियानोवर लिहून बघा. दोन्ही हातांत चार-चार स्वरांचे कॉर्ड असतील तर एका टायच्या जागी आठ कमानी येतात. वर फ्रेजिंगचा स्लर (वेगवेगळे स्वर जोडून वाजवायला सांगणारी कमान) असेल तर नववी कमान. शिकाऊ मुलं टायला स्लर समजून दुसरा कॉर्ड पुन्हा वाजवतात, हे शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

लयवेडा

मिनिमचा मुद्दा रास्त, पण ती बीटवर सुरू होते आणि बीटवरच संपते. क्रॉचेटमध्ये मोजणाऱ्याचा हिशेब तुटत नाही. ३+३+२ मधला दुसरा स्वर दोन बीटांच्या फटीत सुरू होतो, म्हणून तिथे खूण लागते. कॉर्डची गर्दी होते हे कबूल. तरी गर्दी वाचता येते, लपलेला बीट वाचता येत नाही.

अल्टो_ओळ

मी कॉयरमध्ये गाते आणि या वादात माझं मत डॉटच्या बाजूने आहे. टाय केलेल्या दुसऱ्या डोक्यावर गाणारे नकळत आवाज दाबतात. संगीत तिथे सलग असतं, पण लिखाण त्याचे दोन तुकडे करतं. सोळाव्या शतकात गायकांच्या हातात स्वतंत्र पार्टबुकं (फक्त आपापल्या ओळीची पुस्तकं) असत, त्यांत सहसा बारलाइन (बार वेगळे करणाऱ्या उभ्या रेघा) नसत. लांब स्वर कुठेही सुरू व्हायचा आणि सलग एका चिन्हात लिहिला जायचा. आधुनिक स्कोअरमध्ये बारलाइन आल्या आणि त्याच ओळी टायांनी भरून गेल्या. विसाव्या शतकातल्या काही संपादकांना हे इतकं खुपलं, की त्यांनी बारलाइन स्टाफवरून न ओढता दोन स्टाफच्या मधल्या मोकळ्या जागेत ओढल्या. स्वर अखंड राहिले. ती पानं गाऊन बघा, ओळ आपोआप वाहते.

जुना_कॉपीस्ट

इतिहास काढलाच आहे तर डॉटचाही बघा. डॉट म्हणजे नेमका दीडपट, ही शिस्त कायमची नव्हती. बरोक काळात डॉटेड स्वर किती लांबवायचा हे पुष्कळदा वाजवणाऱ्यावर असे. लिओपोल्ड मोझार्ट यांनी १७५६ च्या आपल्या व्हायोलिनवादनाच्या ग्रंथात एका स्वरापुढे दोन डॉटांची शिफारस केली, ती ही लांबी कागदावर पक्की व्हावी म्हणूनच. टायला अशी पळवाट नाही, दोन किमतींची बेरीज एवढाच त्याचा अर्थ. शिवाय पाच क्वेव्हरचा स्वर कुठल्याही डॉटने लिहिता येत नाही. तिथे मिनिमला क्वेव्हर टाय करावाच लागतो.

६/८ मध्ये (बारला सहा क्वेव्हर, तीन-तीनचे दोन बीट) तीन क्वेव्हरच्या जागी दोन सारखे स्वर हवे असतील, तर दोन डॉटेड क्वेव्हर लिहितात. टायने लिहायचं तर क्वेव्हर-सेमीक्वेव्हर (सेमीक्वेव्हर म्हणजे अर्धा क्वेव्हर) आणि मग सेमीक्वेव्हर-क्वेव्हर. तीनही क्वेव्हर दिसतात हे खरं, पण त्या दोन सारख्या स्वरांचा सारखेपणा हरवतो. इथे मी स्वतः डॉट लिहितो.

लयवेडा

मग दोन_पेडल यांना माझा प्रस्ताव. संगीत खरोखर ३+३+२ असेल तर ते टाइम सिग्नेचरमध्येच (४/४ सारख्या सुरुवातीच्या लयीच्या आकड्यांत) लिहा. हंगेरियन संगीतकार बार्टोक यांनी पियानोच्या 'मिक्रोकॉस्मॉस'च्या शेवटच्या, १५३ व्या रचनेत तसंच केलं आहे: आठाच्या डोक्यावर ३+३+२. तिथे डॉटेड क्रॉचेट हाच बीट आहे, काहीच लपत नाही. ४/४ लिहून आतमध्ये ३+३+२ चे डॉट मांडणं मात्र वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

दोन_पेडल

बार्टोकचं उदाहरण उत्तम, पण इथे लागू नाही. ड्रमवाला सरळ चार देतो आणि कीबोर्ड त्याच्यावर ३+३+२ वाजवतो, गंमत त्या ओढाताणीत आहे. टाइम सिग्नेचर बदलली तर ड्रमवाल्याचा कागद खोटा ठरतो.

लयवेडा

मग ड्रमवाला तीनवर वाजवतो तेव्हा तुमच्या कागदावर काय आहे? काहीच नाही. टाय मागतो तो त्यासाठीच.

दोन_पेडल

माझ्या कानात ड्रम आहे, कागदावर तो कशाला हवा? पहिल्याच वाचनात, ड्रमशिवाय वाजवायचं असेल तर तुमचा टाय मान्य करते. बँडच्या चार्टवर नाही. आणि ६/८ मध्ये तर मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. चार क्वेव्हरच्या स्वरासाठी तिथे मिनिम लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, बार थेट ३/४ वाटायला लागतो. डॉटेड क्रॉचेट लिहा, त्याला क्वेव्हर टाय करा. तिथे डॉट हाच बीट दाखवतो, म्हणून दोन्ही लागतात.

अल्टो_ओळ

हे गायकांसाठीही लिहा. फक्त टायच्या दुसऱ्या डोक्याखाली नवा शब्दांश ठेवू नका. तो ठेवला की स्वर पुन्हा म्हटला जातोच.