मदत हवी आहे: जपानमधल्या सासरी वर्षअखेरची आवराआवर, जुन्या बाहुल्यांचं काय करावं?

सायतामात सासूबाईंचं जुनं दुमजली घर आहे. ओसोजी, म्हणजे वर्षअखेरची साफसफाई, यंदा आम्हा दोघांवर आहे. खिडक्या झाल्या, ओट्यावरच्या एक्झॉस्टचं चिकट तेलही निघालं. दारावरची शिमेकाझारी, म्हणजे नववर्षाची सजावट, २८ डिसेंबरपर्यंत लावायची असं सासूबाईंचं म्हणणं, कारण २९ अशुभ आणि ३१ ला घाईघाईत लावणं बरं नाही. त्याआधी माळा रिकामा हवा.

जुना फ्रिज दुकानदार रिसायकलिंगचे पैसे घेऊन नेणार आहे. देव्हाऱ्यातले जुने ओफुदा, म्हणजे देवळातून आणलेल्या रक्षणाच्या पट्ट्या, देवळात परत दिले. मोठ्या सामानासाठी, सोदाई गोमीसाठी, फोन केला तर नगरपालिकेच्या डिसेंबरच्या तारखा संपल्यात. ते जानेवारीत गेलं तरी चालेल. 'फुकट नेतो' म्हणत भोंगा लावून फिरणारे टेम्पो मात्र नकोत, सामान चढवल्यावर पैसे मागतात.

अडलंय नणंदेच्या लहानपणच्या हिना बाहुल्यांपाशी, म्हणजे मुलींच्या सणाला मांडतात त्या बाहुल्यांपाशी. काचेच्या पेटीत राजा-राणी, चेहऱ्यांवर अजून मऊ कागद गुंडाळलेला, राणीच्या हातातला पंखा गायब. नणंदेला नकोत, जुन्या वस्तूंच्या दुकानाने घेतल्या नाहीत. सासूबाई कचऱ्यात टाकू देणार नाहीत, त्यांना देवळात कुयो, म्हणजे निरोपाची पूजा, करूनच निरोप द्यायचाय. जवळचं देऊळ ते फक्त वसंतात करतं. आमच्याकडे गाडी नाही, खर्च दहा हजार येनच्या आत हवा.

कुरिअरने बाहुल्या घेऊन डिसेंबरात कुयो करणारं देऊळ कुणाच्या अनुभवातलं आहे का? आणि काचेची पेटी सोबत पाठवायची, की वेगळी काढून कचऱ्यात द्यायची?