'आण्विक', 'रेण्वीय' की नुसतं 'पेट'?

परळची : मावशीच्या अंडाशयाच्या कॅन्सरमुळे सध्या परळला फेऱ्या चालू आहेत. कुणीतरी पाठवलेल्या हिंदी पत्रकात 'आण्विक इमेजिंग' असं होतं. मावशी घाबरलीच, "अगं, अणुबॉम्बवाले इथेही?" 'मॉलेक्युलर इमेजिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

रसायनवाला : हिंदीतला 'अणु' म्हणजे आपला रेणू. आपल्या अणूला ते 'परमाणु' म्हणतात. त्यामुळे 'आण्विक' मराठीत जसाच्या तसा आणला की अर्थाचा घोटाळा होतो. आपल्याकडे 'रेण्वीय'. बाकी मावशी अगदीच चुकल्या नाहीत हं. अणुऊर्जावाल्यांचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून परळलाच आहे, आणि देशातला पहिला पेट (PET) स्कॅनर, म्हणजे अशी रेण्वीय चित्रं काढणारं यंत्र, २००२ साली तिथेच आला.

मुलुंडकर : 'रेण्वीय प्रतिमांकन' म्हटलं की रेणूचा फोटो काढतात असं वाटतं. फोटो शरीराचाच, रेणू फक्त चुगली करतो. ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखरेला हावऱ्या, त्या तो जास्त ओढून घेतात आणि चित्रात तेवढी जागा उजळते. अशा माग दाखवणाऱ्या रेणूला, 'ट्रेसर'ला, मी तरी 'खूणरेणू' म्हणेन.

रसायनवाला : 'खूणरेणू' झकास! अंडाशयाच्या कॅन्सरच्या बहुतेक गाठींवर फोलेट हे जीवनसत्त्व पकडणारे ग्राही (रिसेप्टर) जास्त असतात. त्यांना चिकटून शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ चमकवणाऱ्या पॅफोलासियानिन या औषधाला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. तोही खूणरेणूच.

परळची : आणि 'अर्ली डिटेक्शन'? पत्रकात 'शीघ्र निदान' आहे.

मुलुंडकर : छे! शीघ्र निदान म्हणजे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हातात. इथे 'वेळीच निदान' हवं. पण पत्रकात 'पेटने वेळीच निदान' असं छापलं असेल तर शब्दाआधी दावाच तपासा. काही मिलिमीटरची गाठ पेटला सहसा दिसत नाही, आणि पाळी चालू असलेल्या बाईचं निरोगी अंडाशयही महिन्याच्या काही दिवसांत उजळतं. खूणरेणूंवर संशोधन चालू आहे, पण लक्षणं नसलेल्या बायकांची सरसकट तपासणी म्हणून ही पद्धत वापरत नाहीत. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांच्या अभ्यासात निम्म्या जणींची रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी करून पाहिली, तरी मृत्यू कमी झाले नाहीत, असं २०२१ साली जाहीर झालं.

परळची : मावशीला 'खूणरेणू' पटला. 'पेट' मात्र ती पोटाचाच धरून बसली आहे, डोक्यापासून मांड्यांपर्यंत स्कॅन होऊनसुद्धा.