माळ्यावर मॉस्कोला छापलेली मराठी पुस्तकं सापडली, ही एवढी स्वस्त कशी मिळायची?

चौलची_स्मिता:
अगोटीच्या म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांत माळा काढला तर बाबांची ट्रंक निघाली, आत सोव्हिएत पुस्तकं, पंधरावीस तरी असतील. प्रगती प्रकाशन, रादुगा या मॉस्कोच्या प्रकाशनांची, सगळी मराठीत. चित्रं अजून ताजी आहेत, शिवलेली बांधणी, खाऱ्या हवेतसुद्धा एक पान सुटलेलं नाही. बाबा प्राथमिक शिक्षक, पगार बेताचा, त्यांना परवडली कशी? एका पुस्तकात शेवटी लिहिलंय की भाषांतर आणि मांडणी कशी वाटली ते कळवा, खाली पत्ता झुबोव्स्की बुलेवार, मॉस्को. म्हणजे चौलच्या माणसाने मॉस्कोला पत्र टाकायचं! चुलतभाऊ म्हणतो नुसता प्रचार आहे, रद्दीत घाल. मला नाही पटत. कुणाला माहिती असेल तर सांगा ना.

खाडीकाठ:
किंमत धंद्याच्या हिशोबाने नव्हतीच ताई, खर्च त्यांचं सरकार करायचं. शिवाय 1953 च्या करारानंतर दोन्ही देशांचा व्यवहार रुपयांत चालायचा त्यामुळे डॉलरचा प्रश्न नव्हता. मराठी भाषांतरकार मॉस्कोत राहून काम करायचे, मुंबईत लोकवाङ्मय गृहात पुस्तकं मिळायची. आमच्याकडे एसटी स्टँडजवळ प्रदर्शन लागायचं तेव्हा मी आईकडून दोन रुपये घेऊन धावत गेलेलो आठवतंय. आणि सोव्हिएत लँडचे अंक! त्या गुळगुळीत पानांची कव्हरं आख्ख्या वर्गाच्या वह्यांना, ट्रॅक्टर नाहीतर अंतराळवीर, पावसात भिजली तरी वही कोरडी राहायची.

माडबन:
एकच बाजू नको, अमेरिकाही मागे नव्हती. परदेशांत अमेरिकेची बाजू मांडणारी त्यांची यूएसआयए ही सरकारी संस्था 1953 ची, मुंबईत वाचनालय होतं, 1960 पासून स्पॅन मासिक सुरू झालं. पीएल 480 या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली जो गहू आला त्याचे पैसे आपण रुपयांत भरायचो, त्याच रुपयांतून इथे अमेरिकन पाठ्यपुस्तकं स्वस्तात निघाली. 1958 ला ब्रुबेक आणि 1963 ला ड्यूक एलिंग्टन यांना जॅझ वाजवायला भारतात पाठवलं ते उगाच नाही, काळ्या लोकांना अमेरिका कशी वागवते यावरून रशिया त्यांना जगभर धारेवर धरत होता, त्याला हे उत्तर होतं. पण 1951 ला मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याची मोठी कम्युनिस्टविरोधी परिषद झाली, त्या चळवळीमागे सीआयएचा पैसा होता हे 1967 ला उघड झालं आणि त्यात मनापासून काम केलेली माणसं फुकट बदनाम झाली. मला हाच फरक मोठा वाटतो. तुमच्या पुस्तकावर मॉस्को असं स्पष्ट छापलंय, कोण देतंय ते बाबांना ठाऊक होतं.

राजापूरवाला:
माडबनदादांशी सहमत. रशियात तेव्हा ज्या लेखकांची तोंडं बंद केली ते काही या ट्रंकेत सापडणार नाहीत, तेवढं लक्षात ठेवायचं. पण आमच्या घरात अशी पुस्तकं कपाटभर आणि मत कायम बॅरिस्टर नाथ पैंना, ते तर प्रजा समाजवादी. 1957, 62, 67, तिन्ही वेळा राजापूरने त्यांनाच निवडून दिलं. वाचलं म्हणून माणूस त्यांचा झाला असं आमच्याकडे तरी झालं नाही, रशियन माणसाबद्दल मात्र घरात कुणी वाकडं बोलायचं नाही. आणि ताई, तुमच्याच चौलला 15व्या शतकात रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन उतरला होता, त्याच्यावर 1957 ला परदेसी नावाचा भारत-सोव्हिएत सिनेमा निघाला, ख्वाजा अहमद अब्बास आणि प्रोनिन यांचा, नर्गिस होती त्यात. मैत्री दाखवायला त्यांना नेमकं आपलंच बंदर सापडलं बघा.

चौलची_स्मिता:
रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे ते लहानपणापासून बघतेय, पण ट्रंकेचा आणि त्याचा संबंध आज लागला! सगळी पुस्तकं ओटीवर पसरून ठेवलीत, मधे कडुनिंबाचा पाला घातलाय. एकात बाबांच्या अक्षरात अर्धवट पत्र मिळालं, "चित्रे फार आवडली, भाषांतर मात्र" इथपर्यंतच. पुढे काय लिहायचं होतं कोण जाणे.