जमीनदाराचा मुलगा, कम्युनिस्ट, मग इंदिराबाईंचा मंत्री : मोहन कुमारमंगलम यांना डावं म्हणायचं का?

परळीकर :
कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणावर वाचायलोय, तिथं कुमारमंगलम हे नाव सारखं येतं. वडील पी. सुब्बरायन 1926 ते 1930 मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री, स्वतः ईटन अन् केंब्रिजला शिकलेले, उमेदीची वर्षं कम्युनिस्ट पक्षात काढली अन् शेवटी काँग्रेसचे पोलाद-खाण मंत्री. आपल्याकडं घराण्याचं पोरगं म्हणलं की तिकीट ठरलेलंच असतं, हे त्यातलेच का?

नांदेडचा वकील :
नाही हो. बॅरिस्टर होऊन परत आलेला जमीनदाराचा मुलगा मद्रासला आरामात वकिली करू शकला असता, हे तर पक्षाचं काम करताना 1941 ला पकडले गेले. बहीण पार्वती कृष्णन पण कम्युनिस्ट, कोइमतूरहून खासदार झाल्या, आणि थोरले भाऊ जनरल कुमारमंगलम देशाचे लष्करप्रमुख! त्या घरात जेवताना काय चर्चा होत असतील.

काळी माती :
माझ्यासाठी मुद्दा कोळशाचाच आहे. खाजगी मालक वरचा चांगला कोळसा ओरबाडून घ्यायचे, आत आधाराला खांब नीट सोडायचे नाहीत, मजुराचा पगार अन् जीव दोन्ही टांगणीला. कुमारमंगलम मंत्री असताना ऑक्टोबर 1971 मधे कोकिंग कोळशाच्या (पोलाद बनवायला लागतो तो) खाणी सरकारनं ताब्यात घेतल्या, 1973 ला बाकीच्या. थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रात, वाघिणी खाली होताना बघा एकदा, काळ्या धुळीनं माखलेली माणसं दिसतात, खाणीच्या आत तर याच्या दसपट. त्यांच्यासाठी जो कायदा करतो तो डावाच, पक्ष कुठलाही असो.

परळीकर :
पटलं. पण एप्रिल 1973 ला तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा लोकसभेत सरकारची बाजू यांनीच मांडली. ते कसं?

नांदेडचा वकील :
ते मला आजही खटकतं. जमीन सुधारणा कोर्टात अडकतात हा त्यांचा राग खरा होता, पण सरकारच्या विचाराचाच न्यायाधीश पाहिजे म्हणलं की उद्या दुसरं सरकार तेच करणार, एवढा हुशार कायदेपंडित, त्यांना हे दिसायला पाहिजे होतं. त्यावर पुढं उत्तर द्यायला ते राहिलेच नाहीत, 31 मे 1973 ला दिल्लीजवळ विमान अपघातात गेले. पुढं मुलगा रंगराजन भाजपच्या सरकारात वीजमंत्री झाला.

काळी माती :
त्यांची लोकसभेतली भाषणं काढून वाच परळीकर, न्यायमूर्तींवरचं तर आधी वाच.